जमिनीच्या पोटाचा मालक

ओहायोच्या पूर्वेकडच्या डोंगरात ऑर्फा योके मेंढ्या पाळायची. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची, आणि कुणाचं ऐकून घ्यायची तिला मुळात सवय नव्हती. त्यामुळे आपल्या शेताखालचं काहीच आपलं नाही, हे कळल्यावर तिचा जो संताप झाला, तो आसपासच्या चार घरांनी ऐकला.

शंभरेक वर्षांपूर्वी ट्रुएक्स नावाच्या माणसानं ही जमीन विकली, पण खालचं तेल, वायू, कोळसा सगळं स्वतःकडे ठेवलं. पुढे तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता खोऱ्यात वायू काढणाऱ्या कंपनीची माणसं फिरायला लागली होती. खालच्या मालकानं सही दिली की ट्रक थेट ऑर्फाच्या झऱ्यापर्यंत येणार, आणि तिच्या मेंढ्या त्याच झऱ्यावर जगत होत्या.

ग्रेटा पोमरॉय या वकीलबाईनं तिला समजावलं, "खालचा हक्क वीस वर्षं कुणी वापरला नसेल, तर आपल्या राज्याच्या कायद्यानं तो वरच्या मालकाला मिळू शकतो."

"मग झालंच की! वीस कसली, शंभर झाली."

"थांबा, मिसेस योके. आधी वारस शोधून त्यांना नोटीस द्यायची. साठ दिवसांत त्यांनी हक्क नोंदवला, तर तो त्यांचाच."

"म्हणजे ज्या बिचाऱ्याला काही पत्ताच नाही, त्याला मीच जाऊन सांगायचं की बाबा रे, माझ्या घराखाली तुझं घबाड आहे?"

"हो."

"कायदा लिहिला तेव्हा ही माणसं शुद्धीवर होती का हो?"

तरी तिनं शोध घेतला. दफनभूमीतले दगड वाचले, चर्चमधल्या म्हाताऱ्यांना पिडलं. शेवटी एकच वारस जिवंत निघाला, डेल्मर ट्रुएक्स. दोन तासांवरच्या गावात राहणारा निवृत्त न्हावी. नोटीस गेली. मुदत संपत आली, ऑर्फाच्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात डेल्मरनं कचेरीत जाऊन हक्क नोंदवला.

पुढच्या रविवारी तो स्वतःच दारात हजर.

"जमीन बघायला आलो."

"जमीन माझी आहे."

"मी खालचीच बघतो," असं म्हणून तो व्हरांड्यात बसला.

मग तो दर रविवारी यायला लागला. मेंढ्या फार लठ्ठ झाल्यात म्हणायचा, कुंपण वाकडं आहे म्हणायचा, आणि ऑर्फानं भट्टीत भाजलेला 'ॲपल पाय' खाऊन दालचिनी कमी पडली म्हणायचा. ऑर्फा दात-ओठ खायची, पण त्याला हाकलायला घाबरायची. चिडून त्यानं कंपनीला सही देऊन टाकली तर?

एका रविवारी डेल्मरनं सांगितलं, कंपनीचा माणूस त्याच्याकडे कागद घेऊन आला होता.

"मग?" ऑर्फाचा आवाज चढला. "केलीत सही?"

"रस्ता कुठून नेणार, विचारलं. म्हणाला, झऱ्यावरून. म्हटलं, मग नको."

ऑर्फाला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी डोकं फिरलं. तिचा झरा, तिच्या मेंढ्या, आणि "नको" म्हणायचा अधिकार या माणसाला!

"उद्या मन बदललं तर?"

"बघू की. जन्म भाड्याच्या खोलीत गेला, बाई. पहिल्यांदाच काहीतरी माझं झालंय. जरा मालक होऊ द्या मला."

"व्हा ना! पण ते कागदावर व्हा!"

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला गाडीत घालून ग्रेटाकडे नेलं. रेडिओवर काय लावायचं यावरून दोघं वाटभर भांडले. खालचं सगळं डेल्मरचंच राहिलं, पण झऱ्याच्या बाजूला त्यानं किंवा त्याच्या पुढच्या वारसांनी पाऊल ठेवायचं नाही, रस्ता करायचा नाही, खोदायचं नाही, असा करार झाला आणि कचेरीत नोंदलाही गेला.

"बाकीच्या हक्काचं काय?" ऑर्फानं विचारलं.

"त्यांनी नोंद केलीय. आता पुन्हा वीस वर्षं वाट पाहा," ग्रेटा म्हणाली.

"वीस वर्षं? तोवर मी त्र्याऐंशीची होईन!"

"व्हा ना," डेल्मर टोपी घालत म्हणाला. "मी रविवारी येतोच आहे."

"या," ऑर्फा वैतागून म्हणाली. "पण येताना दालचिनी तुमची आणा."