दादाची वाकडी रांग

धनजला माझ्या सासरी निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "मंगरूळचे देववाले मास्तर गेले जी." मला आधी उमगलंच नाही. मग कळलं, आपला दादा गेला... आणि ज्या नावाची त्याला जन्मभर चीड, तेच नाव मागे ठेवून गेला.

तरुणपणी दादा मोजणीच्या तुकडीबरोबर हिमालयात जाऊन आला होता. तिथे बर्फाच्या नदीवर घराएवढाले दगड बसलेले त्याने पाहिले. दगड गडगडत येत नाहीत, बर्फच हळूहळू सरकतो आणि त्यांना पाठीवर वाहून आणतो, हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे. लोक हसायचे. "मास्तर, बरफ कुठी चालते काय?" मग त्याने घरीच हिमनदी करायची ठरवली. आधी काकवी ओतली; दगड बुडाले, वर मुंग्या लागल्या. शेवटी उतरत्या लाकडी पन्हळीत डांबर ओतलं आणि त्यावर दगडाच्या चपट्या कपच्या एका सरळ आडव्या रांगेत मांडल्या. काळ्यावर उठून दिसाव्यात म्हणून त्यांना शेंदूर फासला. तिथेच घात झाला!

शेंदूर दिसला की आपले हात आपोआप जोडले जातात. शेजारच्या गंगूबाई विस्तव मागायला आल्या आणि नारळ घेऊन परत आल्या. काही महिन्यांनी तर गावभर झालं, मास्तरांचे देव चालून राह्यले! दादा खेकसायचा, "बाई, दगड हायेत ते!" त्या गालात मारून घ्यायच्या, "असं बोलू नोका मास्तर, कोप होईन."

दगड खरंच चालले होते. कडेचं डांबर पन्हळीला घासून अडायचं, मधलं पुढे जायचं. त्यामुळे रांगेला धनुष्यासारखा बाक आला होता. बर्फाची नदीही अशीच मधे पुढे सरकते; हाच बाक त्याला दाखवायचा होता. नागपूरहून भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक मुद्दाम यायचे होते. मी तेव्हा माहेरी होते. दादा त्यांना आणायला मोटारीच्या अड्ड्यावर गेला, मी स्वयंपाकात गुंतले. पाहुण्यांसमोर देव वाकडे बसलेले बरे दिसत नाहीत, म्हणून गंगूबाईंनी कपच्या उलथण्याने सोडवल्या आणि सरळ रांगेत लावल्या. वर फुलं वाहिली. प्राध्यापकांनी पाहिलं, चहा घेतला, म्हणाले, "हे तर जागच्या जागी आहेत." दादा गंगूबाईंना एक शब्द बोलला नाही. मेला, ओरडला असता तरी माझा जीव थंड झाला असता! पुन्हा त्याने कोणालाही बोलावलं नाही.

तेराव्याला मी दादाची पन्हळ ठेवलेली खोली उघडली. रांग पुन्हा वाकली होती, मधली कपची पन्हळीच्या टोकाला आली होती. गंगूबाई, आता पार थकलेल्या, मागून आल्या आणि सवयीने त्यांचा हात पुढे गेला. मी तो धरला.

"वाकडे बसले ना बाई देव."

"वाकडेच राहू द्या. त्याच्यातच माझ्या भावाचा जन्म गेला."

त्या घाबरल्या आणि म्हणाल्या, "मंग शेंदूर तरी लावू काय?"

मी त्यांना बाहेर काढलं, कुलूप घातलं आणि किल्ली धनजला घेऊन आले. आता ती रांग कोणी सरळ करणार नाही... आणि कोणी बघणारही नाही.