चालवणार ही आहे, म्हणून वॉरंटी

नाशिकमधल्या निम्म्या बायकांना गाडी मी शिकवली, असं मी म्हणते तेव्हा आमचे अहो घसा खाकरतात. खाकरू देत. निम्म्या नसतील, पण सिग्नलला कुठेही उभी राहिले की कोणीतरी काच खाली करून "मॅडम, ओळखलंत का?" म्हणतंच. अर्धं आयुष्य मी ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत डावीकडच्या सीटवर काढलं. माझ्या पायाशी जादा ब्रेक आणि जादा क्लच, आणि उजवीकडे स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली कोणी शिक्षिका, कोणी नर्स, कोणी नुकती सासरी आलेली पोर. तपोवनातल्या मोकळ्या मैदानात गोल गोल फिरायचं. कुंभमेळ्यासाठी मैदान गेलं की गल्लीबोळ धरायचे. पहिल्या दिवशी प्रत्येकीला मी एकच वाक्य ऐकवायचे, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे." मग तिचे कानापर्यंत चढलेले खांदे जरा खाली यायचे.

पण या धंद्यातली एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी शिकवणारी बाई गाडी चालवत नाही. पहिला गिअर, दुसरा गिअर, फार झालं तर तिसरा, तोवर समोर म्हैस. संध्याकाळी घरी यावं, सगळे मिळून कुठे निघावं, तर किल्ली अहोंच्या हातात. "दिवसभर गाडीतच असतेस, दमली असशील, मी घेतो," असं इतक्या मायेनं म्हणायचे की भांडायलाही जागा नसायची. लग्न झाल्यापासून तोवर, मी चालवतेय आणि ते शेजारी बसलेत असं एकदाही झालं नव्हतं. मी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात ठेवलं होतं.

गेल्या वर्षी क्लास माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीला चालवायला दिला, माझी ठेव मोडली आणि जाहीर केलं, की मी स्पोर्ट्स कार घेणार. सहा गिअरची. सहावा गिअर कसा लागतो ते मला मरायच्या आत बघायचं होतं.

घरात भूकंप. पुण्याहून लेकीचा फोन, "आई, कंबरेचं काय?" समोरच्या वहिनी म्हणाल्या, "दोनच सीट? मग पाहुणे आले तर?" म्हटलं, "पाहुण्यांसाठी रिक्षा आहे की!" अहोंनी मात्र पेपरात डोकं घातलं. ते पेपरात डोकं घालतात तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

आडगाव नाक्याच्या पुढे जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान आहे. तिथे ती उभी होती. हळदीसारखी पिवळी, इतकी बुटकी की शेजारच्या जीपच्या सावलीत झाकली गेलेली. लासलगावच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली; लग्न ठरल्यावर सासऱ्यांनी सात सीटांची घ्यायला लावली म्हणून विकायला काढलेली. मला त्या मुलाची दयाच आली. पण गाडी बघून जीव हरखला, हे खरं सांगते. बोनेटवर हात ठेवला आणि तो उचलवेना.

"चला, एक चक्कर मारून बघा," टाय लावलेला सेल्समन म्हणाला.

आणि इथे मी माती खाल्ली. इतक्या वर्षांची सवय! पाय आपोआप डाव्या दाराकडे वळले, दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला. सेल्समनला त्यात काहीच नवल वाटलं नाही. बाई डावीकडे बसली, म्हणजे चालवणार साहेब. त्यानं किल्ली अहोंच्या हातात दिली. अहोंनीही ती घेतली, जणू त्यांच्यासाठीच आणली होती! मी काही बोलायच्या आत गाडी सुरू झाली, हायवेला लागली, आणि मी डावीकडे बसून पायाशी नसलेला ब्रेक दाबत होते. परत आलो तेव्हा अहो पोरासारखे खुशीत होते. "काय पळते गं!" म्हणाले. पळते का नाही हे मला कसं कळणार? मी चालवलीच नव्हती.

मग टेबलाशी बसलो आणि सुरू झालं वाढीव वॉरंटीचं पुराण. मूळ वॉरंटी संपलेली, आता पैसे भरून दोन वर्षांची जादा घेता येईल. सेल्समन अहोंशी बोलतोय, अहो सेल्समनशी, आणि मी मध्ये चहाचा कप धरून. मी विचारलं, "क्लच प्लेट यात येते का?"

"नाही मॅडम, ती झिजणारी वस्तू."

"ब्रेक पॅड? टायर?"

"नाही मॅडम."

"मग येतं तरी काय?"

त्यानं उत्तर अहोंकडे बघून दिलं. "सर, इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकल. मोठं काम निघालं तर टेन्शन नको."

अहो मान डोलावत होते. आणि मग, अगदी सहज, बिस्किट चहात बुडवता बुडवता म्हणाले, "घ्यावीच लागेल हो. चालवणार ही आहे ना."

सेल्समन हसला. अहोही हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिथल्या तिथे झाडला असता. पण हे म्हणणारा माझा नवरा! माझ्या क्लासच्या पाटीवर दरवर्षी दसऱ्याला हार घालणारा, नातेवाइकांत "आमची ही गावाला शिकवते" म्हणून मिरवणारा. म्हणजे इतकी वर्षं मनात हे होतं? गावाला शिकवायला बरी, पण आपल्या गाडीला हात लावला की मोडणार? मला रडू येत होतं, पण त्या टायवाल्यापुढे मी रडणार नव्हते. कप ठेवला, उठले आणि म्हटलं, "रविवारी सांगतो."

घरी आल्यावर अहोंना कळेचना, की झालं काय. "अगं, गमतीनं म्हटलं!" गमतीनं म्हणे.

आता गंमत अशी, की वॉरंटी घेणं शहाणपणाचं होतं. हे मलाही कळत होतं, मी काही दूधखुळी नाही. खात्री करायला द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याकडे गेले. क्लासच्या गाड्या सुरुवातीपासून त्याच्याच हाताखालून गेलेल्या. वाटलं, हा माझ्या बाजूनं बोलेल. कसलं काय!

"ताई, खरं सांगू? घेऊन टाका," तो हात पुसत म्हणाला. "ही गाडी लय नखरेल. हिचं मोठं काम माझ्याकडं नाय व्हायचं. एकदा मुंबईला न्यावी लागली, तर बिल बघून पाणी मागाल."

झालं! मी तशीच धुमसत परत आले. घ्यावी तर त्या वाक्यावर मीच सही केल्यासारखं होणार. न घ्यावी तर मोठं काम निघाल्यावर जाणार माझेच पैसे. दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं.

निर्णय झाला तो स्वयंपाकघरात. त्या शनिवारी पुरणपोळीचा घाट घातला होता. डाळ शिजली, म्हटलं पुरण फूड प्रोसेसरमध्ये फिरवू, तर अहो दारातून ओरडले, "अगं, त्यात नको! गरम घालायचं नाही असं लिहिलंय, वॉरंटी जाईल!"

मी डाळीचं पातेलं तसंच धरून उभी राहिले. हा फूड प्रोसेसर आणल्यापासून मी पुरण पुरणयंत्रातच वाटत होते. फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे आहे, कारण वॉरंटी. धुण्याच्या यंत्रात चादरी घालायच्या नाहीत, कारण वॉरंटी. आमच्या घरात वॉरंटी वस्तूला नसते हो, ती वस्तू वापरणाऱ्या बाईला असते! या गाडीचंही तेच होणार होतं. घाटात नको, वॉरंटी जाईल. पावसात नको. ओळखीच्या गॅरेजात नको. वेगात तर नकोच नको. आणि एक दिवस किल्ली त्यांच्या खिशात जाणार, मोठ्या मायेनं, आणि मी पुन्हा डावीकडे.

मी गरम डाळ प्रोसेसरमध्ये ओतली आणि बटण दाबलं. अहोंनी डोळे मिटून घेतले. पुरण लोण्यासारखं झालं. पोळ्या चार खाल्ल्या त्यांनी.

रविवारी रिक्षानं दुकानात गेलो. परत येताना गाडी घेऊनच यायची होती. मी आधी उजव्या दारानं आत बसून एकटीच चक्कर मारून आले, मग कागद मागितले. सेल्समननं सगळ्यात वर वॉरंटीचा अर्ज ठेवला होता आणि पेन अहोंपुढे धरलं होतं.

"पेन इकडे," मी म्हटलं. "आणि हा अर्ज नको. वॉरंटी घेणार नाही."

"मॅडम, रिस्क आहे," सेल्समन म्हणाला.

"आहे ना. माझी आहे."

"अगं, हट्ट कशाला?" अहो खालच्या आवाजात म्हणाले. "उद्या इंजिन बसलं तर?"

"तर मी रडेन, पैसे भरेन, नाहीतर विकून टाकेन. पण चालवणार ही आहे म्हणून वॉरंटी, हे मी आयुष्यात मान्य करणार नाही. तुम्हाला गंमत वाटली, मला नाही वाटली. फार लागलं मला ते."

अहोंचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "वॉरंटी नसेल तर मी त्या गाडीत बसणार नाही."

"नका बसू."

सह्या केल्या, किल्ली घेतली, बाहेर आले. अहो खरोखरच रस्त्याच्या कडेला जाऊन रिक्षाला हात करत उभे. मी गाडी त्यांच्या पुढ्यात नेली आणि आतून डावं दार उघडलं. एक रिक्षा थांबली, रिक्षावाल्यानं पिवळ्या गाडीकडे बघितलं, अहोंकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात जागा असताना माझ्यात कशाला बसताय?"

अहो बसले. बसले म्हणजे काय, आधी डोकं, मग गुडघे, मग "आई गं", असे टप्प्याटप्प्यानं आत आले. पट्टा दोनदा ओढून बघितला.

उड्डाणपुलावरून नको, खालून घे, म्हणाले. ठीक आहे, खालून. द्वारकेच्या चौकात एक बस अंगावर आली आणि अहोंचा पाय फाडकन खाली आदळला. तिथे नुसती चटई होती. मी बसच्या आधी सुटले, दुसरा, तिसरा टाकला. मुंबई नाक्याला पुन्हा तेच: पाय चटईवर, हात दाराच्या कडीवर, खांदे कानापर्यंत. हे खांदे मी हजारदा बघितलेत. आयुष्यभराचा माझा नवरा, माझ्या डावीकडे पहिल्यांदा बसलेला, आणि अगदी पहिल्या दिवसाच्या विद्यार्थिनीसारखा घाबरलेला! राग होता तो होताच, पण मी वेग जरा कमी केला.

"घाबरू नका," मी म्हटलं. "ब्रेक माझ्याकडे आहे."

अहोंनी पाय हळूच मागे घेतला.

इंदिरानगरचं वळण आलं, आमच्या घराचं. सवयीनं त्यांचा हात वर झाला, बोट बाहेर, "घे, डावीकडे घे."

मी चौथा टाकला आणि सरळ इगतपुरीच्या मोकळ्या हायवेला लागले.