सहीच्या बदल्यात डफडं

भाऊनं पेनचं टोपण काढलं, जामीनपत्रावर निब टेकवली आणि वर बघून माझ्या बापाला विचारलं, "पहिले डफडं वाजवशील का गा?"

राईस मिलचं ऑफिस. अर्ध्या खुर्च्यांवर भाऊची माणसं, अर्ध्या रिकाम्या. बाबा उभा. मीही उभी. माणसं हसली. बाहेर कोंड्याच्या ढिगावरची कबुतरंही हसली असतील, मी काही पाहायला गेले नाही.

हा भाऊ आमच्या गावच्या जुन्या मालगुजाराचा नातू. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. रुबाब तेवढा कोणी जमा करून घेतला नाही.

मला इंग्लंडात मातीच्या शिक्षणाला, म्हणजे मृदाशास्त्राला, प्रवेश मिळाला होता. कागद इतके जमवले की गठ्ठा डोक्यावर घेऊन सौंदडच्या रेल्वे फाटकाशी गेले असते, तर गेटमननं मालगाडी समजून फाटक पाडलं असतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबानं तहसिलीत एवढ्या चकरा मारल्या की शेवटी शेवटी चप्पल एकटीच जाऊन यायची. सगळं जमलं. अडलं जामीनदारावर. कर्जाला बँकेला शेतीवाला, ऐपतीचा माणूस हवा होता. आमची अख्खी बौद्ध वस्ती कोंबड्यांसकट गहाण ठेवली असती तरी विमानाचं एक चाक आलं नसतं. ऐपतीचा माणूस गावात एकच. म्हणून बाबा इस्त्रीचा सदरा घालून इथं आला होता.

"माती शिकाले इंग्लंडात कायले?" भाऊ म्हणाला. "इथं कमी हाय का?"

पुन्हा हशा. मग त्यानं बेत सांगितला. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं दंडारीच्या नाच-नाटकाच्या स्टेजवर माझा सत्कार. सही तिथंच, सगळ्या गावासमोर. आणि मला स्टेजवर आणताना पुढं डफडं वाजवत माझा बाप.

"तुहा आजा आमच्या दारात वाजवे. लोकाईले आठवण राह्यली पायजे."

बाबाच्या आज्यानं दीक्षा घेतली आणि डफड्याला दगड बांधून ते बोडीच्या पाण्यात बुडवलं. आमच्या घरी सांगतात, महिनाभर मासे तालात पोहत होते. तेव्हापासून घरात कोणी त्या कातड्याला हात लावला नाही.

"मले येत नाही वाजवाले," बाबा म्हणाला.

"रक्तात असते बा ते. हात लावला का येते."

बाबानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली. अन् हळूच म्हणाला, "वाजवतो."

थापा मारण्यात माझा हात तालुक्यात कोणी धरत नाही. पण या एका शब्दाला मला आजवर काही जोडता आलेलं नाही.

मी टेबलावरून जामीनपत्र उचललं.

"बाबा नाही वाजवत."

"मंग जाशील कशी?"

"नाही जात."

भाऊनं टोपण लावलं. "पोरगी लय शिकली गा तुही," तो बाबाला म्हणाला. "आता अजून कायले शिकवतं?"

परतताना बाबा सायकल हातात धरून चालत होता. बसला नाही.

"मी वाजवलो असतो ना माय. एका दिवसाची तं गोष्ट होती."

"एका दिवसाची नव्हती, बाबा."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

मुदत गेली. प्रवेश गेला. कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्यापासून गोंदियाच्या सेठपर्यंत सगळ्यांना विचारून झालं. सेठ म्हणाला, "बेटी, हम तो तुमको पहचानते भी नहीं." गावातला ओळखतो, म्हणून सही देत नाही. शहरातला ओळखत नाही, म्हणून देत नाही.

पुढल्या साली जामीनदार मिळेल असं मला वाटत नाही. त्याच्या पुढल्या सालीही नाही. अर्ज मी भरणार. जायचं तर बापाला असं पुढं घालून नाही. नाही जमलं तर नाही जमलं. इथंच राहीन. त्या मिलच्या रस्त्यानंच जात-येत राहीन. भाऊची गाडी समोरून आली की बाबा सायकल घेऊन कडेच्या नालीत उतरतो. मी उतरणार नाही. आणि मी सोबत असले, तर त्यालाही उतरू देणार नाही.