केळीच्या कॅरेटमधली चित्रं

गच्चीवरची खोली मला कुणी दिली नाही. मी ती घेतली. तिथे जुन्या गाद्या, एक बिघडलेला कूलर आणि दिवाळीच्या लायटिंगचा गुंता पडलेला असायचा. बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते सगळं जिन्याखाली रचलं, खोली धुतली, शाळेने भंगारात काढलेलं एक टेबल रिक्षात घालून आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिथे जाऊन बसले. घरात कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांना वाटलं, सुट्टी संपली की येईल खाली.

मी बुऱ्हाणपुरातल्या एका प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते. शाळा साडेदहाची. पाचला उठून कणीक मळायची, भाजी फोडणीला टाकायची, नवऱ्याचा चहा झाकून ठेवायचा आणि सहाला वर. साडेआठपर्यंत मी कुणाची नसते. आधी पेन्सिल. समोर असेल ते काढायचं : बादलीची कडी, वाळत घातलेला परकर, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. रोज एक कागद, कोपऱ्यात तारीख. चित्र बिघडलं तरी फाडायचं नाही.

मग जलरंग. आमच्याकडचं पाणी जड, रंग वाळला की कडेला पांढरी रेघ राहते, म्हणून मी उकळून गाळलेलं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवते. मे महिन्यात तर ब्रश कागदावर फिरतो न फिरतो तोच रंग वाळतो. तेव्हा कागद दोन्हीकडून ओला करून काचेवर चिकटवायचा आणि हात पळवायचा. एकीकडे रंग वाळत असतो तोवर चिकटकाम. पॉवरलूमच्या थानांवरची चमकदार लेबलं, लग्नपत्रिका, हिंदी पेपर, कॅलेंडरची पानं. कापायची, फाडायची, मैद्याच्या खळीने चिकटवायची. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कागदाला कसर लागत नाही.

ह्याला कोलाज म्हणतात, हे मी घरात एकदाच सांगितलं. मोठ्या जाऊबाई, म्हणजे माझ्या भाभी, म्हणाल्या, "म्हंजे कचराच ना? फक्त गोंद लावलेला." सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा वर गेले.

आमचं घर एकत्र. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, भाभींची मुलगी. आम्हाला मूल नाही. त्यामुळे मला "वेळच वेळ" आहे, असं नात्यात धरून चालतात. भाभी वाईट नाहीत. माझ्या टायफॉईडमध्ये वीस दिवस त्यांनी मला मऊ भात भरवला आहे. पण त्या खोलीत त्या अकरा वर्षांत कधी आल्या नव्हत्या. पहिल्यांदा आल्या त्या मी नसताना.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीची सगाई सोमवारी ठरली. पाहुणे खंडव्याचे. रविवारी पहाटेच्या बसने मी असीरगढला गेले. सगाईच्या आदल्या दिवशी? हो. माझ्या वाट्याचं काम, शेव, चिवडा, दोन साड्यांना फॉल, मी शनिवारी रात्री संपवलं होतं आणि तसं सांगूनही ठेवलं होतं. रविवार माझा असतो. गावाच्या वरच्या अंगाला बसून मी किल्ल्याची भिंत काढली. डोंगर कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते खालून नीट कळत नाही. तेवढीच एक रेघ मी दुपारपर्यंत शोधत होते. खूश होऊन परतले.

संध्याकाळी वर गेले तर खोली लख्ख. फरशीला फिनाईलचा वास. टेबल भिंतीला लावलेलं, त्याच्यावर उशा. जमिनीवर चार गाद्या, वर धुतलेल्या चादरी. आणि भिंतीलगतच्या तिन्ही फळ्या रिकाम्या.

मी जिन्यावरूनच हाक मारली. "भाभी, माझे कागद?"

त्या हात पुसत आल्या. चेहरा कौतुकाची वाट पाहणारा. "पाहिलं ना? एकटीने केलं मी सगळं. मेहमान येऊन राहिले, त्यांना झोपवायचं कुठे? ते जुने कागद कबाड्याला देऊन टाकले. नवे कोरे बाजूला ठेवले बरं का, पलंगाखाली आहेत."

कोरे तेवढे त्यांनी जपून ठेवले होते.

"त्याच्यात चित्रं होती."

"एका बाजूने तर घाण झाले होते. आणि तारखा तर सगळ्या जुन्या."

मला रडू आलं नाही. मी तिथेच पायरीवर बसले. नवरा कॉलेजात क्लार्क आहे, भांडण दिसलं की आधी आवाज खाली आणतो. तो म्हणाला, "उद्याचा कार्यक्रम होऊ दे. मग बघू आपण."

सोमवारी सकाळी सात वाजता मी स्कूटी काढली. अंगणात मांडव घालणारे आले होते. भाभी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आज सगाई आहे अन् तू कबाड्याकडे चालली?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"सांगा, कागद आणायला गेली आहे."

कबाडीवाले चाचा दुकान उघडतच होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "दीदी, वो तो कल ही उठ गया. केलेवाले ले गए, जसोंडी की तरफ." जाड कागद होता म्हणून केळीवाल्यांनी गठ्ठाच्या गठ्ठा उचलला होता. केळी भरताना कॅरेटच्या तळाशी आणि फण्यांच्या मधे कागद घालतात, म्हणजे फळाला फळ घासत नाही. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत. फक्त तो कागद कुठून येतो, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता.

जसोंडीच्या रस्त्याला एका बागेच्या बांधावर ताडपत्री घातलेली होती, शेजारी ट्रक. पुरुष घड कापून आणत होते, बायका फण्या सोडवून धूत होत्या आणि कॅरेटमध्ये रचत होत्या. मी स्कूटी उभी केली आणि पहिल्याच कॅरेटमध्ये मला माझी पाण्याची टाकी दिसली. उलटी. तिच्यावर हिरवी फणी.

"थांबा," मी म्हणाले. "हे कागद माझे आहेत."

मुकादम वैतागला. "बाई, माल दिल्लीला जायचा आहे. गाडी दुपारच्या आत सुटली पाहिजे. रद्दी आम्ही विकत घेतली आहे."

"दुसरा कागद आणून देते. पेपरची अख्खी थप्पी देते. हे काढू द्या."

"भरलेलं कॅरेट मी उघडणार नाही."

"मग मी उघडते." मी पदर खोचला आणि खाली बसले.

तो काहीतरी ओरडला. मी पहिली फणी बाहेर काढली. शेजारी एक बाई कॅरेट भरत होती, माझ्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेलं. तिने हातातला कागद उलटवून पाहिला. त्याच्यावर परातीत कणीक मळणारे दोन हात होते, माझेच, मळताना नीट पाहून मग काढलेले. ती मुकादमाला म्हणाली, "अहो, ह्यो कागद रद्दी न्हाई. कोनीतरी बसून काढेल आहे." आणि तिनेही फण्या काढायला सुरुवात केली. मग आणखी दोघी आल्या. मुकादम ट्रककडे निघून गेला आणि तिकडून शिव्या देत राहिला, पण आम्हाला उठवायला काही आला नाही.

ट्रकमध्ये चढलेली कॅरेटं कुणी उतरवू दिली नाहीत. खाली राहिलेल्यांतून एक्केचाळीस कागद मिळाले. अकरा वर्षांतले एक्केचाळीस. बाकीचे त्या दुपारी दिल्लीच्या रस्त्याला लागले. मी ट्रकचा नंबर लिहून घेतला होता. पण त्या नंबराचं करणार काय होते?

निघताना त्या बाईने कणकेच्या हातांचं चित्र धरून ठेवलं. "हे मला दे. घरात लावीन."

तिने माझ्यासाठी दिवसाची मजुरी धोक्यात घातली होती. तरी मी म्हणाले, "नाही देणार. आज एकही नाही देऊ शकत."

ती हसली. "बरोबर आहे. म्या बी नसतं देलं."

मी घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. अंगणात पंगत बसली होती. माझ्या साडीवर केळीच्या चिकाचे डाग पडले होते. हा डाग आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळपट तपकिरी होतो, मग जन्मात जात नाही. मी सगळ्यांच्या समोरून कागदांचा गठ्ठा छातीशी धरून वर गेले. गठ्ठा ठेवला, साडी बदलली, खाली आले आणि वाढायला उभी राहिले. मुलीचा दिवस होता, तिचं काय चुकलं होतं. पण पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, "तुम्ही सकाळी कुठे होत्या?" तेव्हा मी खरं तेच सांगितलं. "माझी चित्रं रद्दीत गेली होती. आणायला गेले होते." भाभींच्या हातातली कढी वाटीबाहेर सांडली.

संध्याकाळी पाहुणे निघाल्यावर मी चारही गाद्या एकेक करून खाली ओढत आणल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पितळी कुलूप घेऊन आले. आमच्या घरात आतल्या खोल्यांना कुलूप नसतं. कपाटांनाही नाही. नवऱ्याने ते पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"घरच्याच माणसांपासून कुलूप?"

"कागद बाहेरच्यांनी दिले का?"

"भाभीला किती वाईट वाटेल."

"वाटू दे. मला वाटलंय तेवढं वाटू दे. एक किल्ली तुला देते. पण ती तू कुणाला दिलीस, तर दुसरं कुलूप आणेन आणि तुलाही देणार नाही."

त्याने किल्ली घेतली. त्याच्या पाकिटातच असते ती. कुणाला दिली नाही, हे मात्र मी त्याच्या बाजूने सांगते.

भाभी माझ्याशी जवळजवळ तीन महिने बोलल्या नाहीत. एका ओट्यावर उभं राहून दोघी पोळ्या करायचो, त्या लाटायच्या, मी भाजायचे, आणि तव्याचा तेवढा आवाज. दोन-तीनदा माझ्या तोंडाशी "जाऊ द्या" आलं. मी ते गिळलं. आजवर मी पुष्कळ जाऊ दिलं होतं. त्याच सवयीमुळे खोली रिकामी करताना कुणालाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

आणि काम चालू राहिलं. मंगळवारी सकाळी सहाला मी कोऱ्या कागदावर रिकाम्या फळ्या काढल्या, तिन्ही, त्यांच्या खिळ्यांसकट. त्या एक्केचाळीस कागदांवर चीक वाळून डाग उमटले होते, कुठे वर्तुळ, कुठे ओघळ. महिनाभर मला ते पाहवत नव्हते. मग एक दिवस त्यातले काही फाडले. होय, माझा नियम मीच मोडला. थानांची लेबलं आणि जुनी कॅलेंडरं ह्यांच्यासोबत ते मोठ्या पुठ्ठ्यांवर चिकटवले. डागांवर रंग दिला नाही.

ह्या वर्षी त्यांतली चार कामं इंदूरच्या एका सामूहिक प्रदर्शनात लागली. एक गृहस्थ बराच वेळ पाहत उभे होते. मी डाग कसे पडले ते सांगितल्यावर म्हणाले, "बघा, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. ते कागद गेले नसते तर हे झालं नसतं."

मी म्हणाले, "नाही. ते कागद असते तर मी दुसरं काहीतरी केलं असतं, आणि कागदही असते."

त्यांना ते उद्धट वाटलं. असेल. माझी अकरा वर्षं दिल्लीच्या मंडईत फेकली गेली, त्यात माझं भलं झालं असं मी कुणाच्या समाधानासाठी म्हणणार नाही. चित्रं चांगली झाली असतील तर ती माझ्या हातामुळे.

गेल्या महिन्यात एका सकाळी सात-सव्वासातला दार वाजलं. आमच्या घरात दार वाजवत नाहीत, ढकलतात. मी उघडलं तर भाभी. मला वाटलं, गाद्यांसाठी जागा मागायला आल्या.

"काही पाहिजे का?"

"नाही." त्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. "बसू काय जरा?"

मला नाही म्हणायचं होतं. साडेआठला अजून वेळ होता, आणि तो माझा होता. "बोलणार नसाल तर बसा," मी म्हणाले.

त्या स्टुलावर बसल्या. कशालाही हात लावला नाही, हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मी टेबलावर ठेवलेली सांडशी काढत होते. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. न राहवून त्यांनी विचारलंच, "खरं सांग, काय दिसून राहिलं तुला एवढं त्या सांडशीत?"

"सांडशी."

त्या थोडा वेळ सांडशीकडे बघत बसल्या. मग कूकरची शिट्टी झाली तशा उठल्या आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं. माझा खालचा दांडा अजून काढायचा राहिला होता.