कडुनिंबाखाली उभी केलेली पिकअप

यांनी दवाखान्याची गाडी चालवायची नोकरी सोडली, तेव्हा मला कारण कळलं नाही. दुसऱ्याची गाडी किती वर्षं हाकायची, आता आपली करू, एवढंच म्हणाले. मला ते पटलं. आमचं गाव जामखेडच्या रस्त्याला. दुष्काळ पडलेला, विहिरी आटलेल्या. चारा म्हणा, पाण्याची पिंपं म्हणा, गाडी असलेल्या माणसाला कामाची कमी नव्हती. यांनी लिलावातली एक जुनी डिझेल पिकअप घेतली. ट्रकमागे साखळीनं ओढत ती दारात आणली, तेव्हा तिच्या हौद्यात बाभळीचे काटे भरले होते आणि इंजिन जाम झालं होतं.

अंगणातल्या कडुनिंबाला चेनपुली टांगून यांनी इंजिन वर उचललं आणि खोलायला घेतलं. पोती अंथरून त्यांच्यावर नट, बोल्ट, पिस्टन मांडून ठेवायचे. दुपारी घरातलं आवरलं की मी जवळ जाऊन बसायचे आणि घमेल्यातल्या रॉकेलमध्ये एकेक भाग धुवायचे. आधी त्या वासानं जेवण जायचं नाही, मग सवय झाली. पुढं व्हॉल्व्हला पेस्ट लावून ते त्यांच्या जागेवर घासत बसायचं कामही माझ्याकडे आलं. काम करता करता हे चर्चमधल्या रविवारच्या भक्तीतली गाणी गुणगुणायचे. आमच्या संसारात इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ कधी बसलो नव्हतो. दवाखान्याचं बोलावणं केव्हाही यायचं, हे जेवता जेवता उठून जायचे. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला सुखाचे वाटत होते.

काही गोष्टी मात्र खटकायच्या. पाना गुडघ्याशेजारीच पडलेला असायचा आणि हे समोर चाचपत राहायचे. पायाशी ठेवलेलं घमेलं लवंडायचं. घरात शिरताना खांदा चौकटीवर आपटायचा. मी म्हणायचे, डोकं सगळं इंजिनात गुंतलंय तुमचं. ते हसायचे.

एकदा भर दुपारी ते टायमिंगची दातेरी चाकं बसवत होते. त्या चाकांवर बारीक ठिपके कोरलेले असतात, ते एकमेकांसमोर आले तरच इंजिन नीट चालतं.

"जरा बघ गं," मला म्हणाले, "ठिपका ठिपक्याम्होरं आला का?"

मी वाकून पाहिलं. एका दात्यानं मागं होता. त्यांनी चाक काढून पुन्हा बसवलं, तरी चुकलं. मग मी त्यांचा हात धरला, चाक योग्य जागी नेलं, आणि हात तसाच धरून ठेवला.

"अहो, दिसंना का तुमाला?"

यांनी दुसऱ्या हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "कडंचं समदं गेलंय. म्होरचं तेवढं दिसतंय, पर त्येबी आता धुरकट व्हाया लागलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्याच्या फाटकाला गाडी दोनदा घासली होती. नंतर एक दिवस बाजूनं येणारा सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो थोडक्यात वाचला. त्याच दिवशी यांनी किल्ली नेऊन दिली. कुणी काढून टाकलं नव्हतं, कुणाला काही माहीतही नव्हतं.

"मग ही गाडी कशापायी घेतली?" मी विचारलं.

"हात चालत्यात तवर एक तरी गाडी आपली उभी करावी वाटलं," ते म्हणाले. "तुजा भाऊ चालवील. तुमाला खायाला मिळंल."

मी त्यांना नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून दिसलं असतं, यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. डोळ्यांत घालायचे थेंब दिले. परत येताना एसटीत मी पदर तोंडाला लावून बसले होते आणि हे इंजिनातल्या डिझेल पंपाचं काम कसं करायचं ते मला समजावून सांगत होते. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

राहिलेलं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. ते बोटांनी चाचपायचे, मी बघून सांगायचे. कधी मला रडू आवरायचं नाही, तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं मी आत जायचे. त्यांना कळत असेल. ते थांबून राहायचे.

इंजिन जागेवर बसलं तेव्हा माझा भाऊ आला. तो ट्रॅक्टर चालवायचा. डिझेलच्या नळीतली हवा काढून त्यानं हँडल मारलं. काळा धूर निघाला, इंजिन दोनदा बंद पडलं, मग चालू झालं. गल्लीतली माणसं गोळा झाली. हे बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे होते. भावानं त्यांना म्हटलं, "दाजी, पयली फेरी तुमीच मारा."

गावाबाहेरचं तळं तेव्हा कोरडं ठणठणीत होतं. तळ भेगाळलेला, मध्ये झाड नाही की माणूस नाही. भावानं गाडी तिथं नेली आणि खाली उतरला. हे स्टेअरिंगला बसले, मी शेजारी. गिअर कसे हातात बसले होते त्यांच्या, गाडीला एक हिसका बसला नाही. मी डावीकडं, उजवीकडं सांगत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली. मी बोलायची थांबले, कारण आपटायला तिथं काहीच नव्हतं. तेव्हा माझ्या मनात आलं, असंच फिरत राहावं, काठावर जाऊच नये.

त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. किल्ली खिडकीतून बाहेर धरली आणि भाऊ येईपर्यंत तशीच धरून बसले.

त्यानंतर भावानं ती गाडी बरीच वर्षं चालवली. आमचं घर तिच्यावर चाललं. तेल, ग्रीस, स्प्रिंगचे पाटे, सगळं हेच हातानं बघायचे, आणि वर्षभरात दिसायचं पूर्ण थांबलं तरी बघत राहिले. पण त्या दिवसानंतर ते गाडीत बसले नाहीत. माझ्या बहिणीच्या लग्नाला सगळे पिकअपमध्ये चढले, आमची पोरंसुद्धा. हे म्हणाले, मी एसटीनं येतो. मी खाली उतरले. भावानं माझ्याकडं बघितलं आणि गाडी चालू केली.

एसटीत यांना खिडकीशी बसवलं. जामखेडच्या अलीकडं पिकअप हॉर्न वाजवत आमच्या पुढं गेली, पोरं हौद्यातून हात हलवत होती. मी यांना तसं सांगितलं. यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. हात आत घ्या, असं मला त्यांना सांगवेना.