आजीच्या शालीवरच्या पाट्या

आता कुठल्या तोंडाने सांगू, पण सांगतेच! त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. माझ्या आईच्या कॅन्सरवर औषधं चालेनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता फक्त त्यांना दुखणार नाही एवढं बघायचं. आई आमच्याकडेच, कोथरूडला राहायला आलेली. आणि माझ्यापुढे प्रश्न एकच: हे सहा वर्षांच्या रेवाला सांगायचं कसं?

बरं, मी काम काय करते? लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवते! म्हणजे हे समजावून सांगायला माझ्याहून लायक बाई अख्ख्या पुण्यात नाही. असा आपला माझा समज.

"हे बघ," रेवाला दूध देता देता मी सुरू केलं, "कॅन्सरच्या पेशी लबाड असतात. अंगावर पाटी लावून बसतात: 'आम्ही इथलेच आहोत. उगाच चौकशी करू नये.'"

"खालच्या आजोबांच्या दारावर आहे तशी?"

"तश्शीच! मग शरीरातले पोलीस पाटी वाचून पुढे जातात. पण लॅबमध्ये आम्ही त्या पेशींना जरा ऊब देतो. शिवाय पोलीस एकमेकांना निरोप धाडतात ना, त्यातलं एक प्रथिन घालतो, इंटरफेरॉन. की काही पेशींवर दुसरी पाटी येते: 'मी चोर!'"

आणि इथेच थांबले. त्याच निरोपाने ती 'आम्ही इथलेच आहोत'ची पाटीही मोठी होते, आणि हे सगळं लॅबमधल्या बशीत, माणसात नाही, हे गाळलं. एवढ्याशा पोरीला कशाला घाबरवा? मूळ बातमी तर राहूनच गेली!

दुसऱ्या दिवशी सुट्टी. भाजी घेऊन वर आले तर काय! ऐन मे महिन्यात पंखा बंद, खिडक्या बंद. आई रजईखाली, रजईवर शाल, डोक्याला माकडटोपी. आणि रेवा टॉर्च घेऊन तिचा हात तपासतेय.

"अगं आई, हे काय!"

"ओरडू नकोस. उपचार चालू आहेत," आई घाम पुसत म्हणाली. "डॉक्टरीणबाई कडक आहेत. पन्हं मागितलं तर म्हणाल्या, गार काही मिळणार नाही."

"रेवा!"

"पाट्या येतच नव्हत्या," रेवा रडवेली झाली. "मग मीच लावल्या."

खरंच की! शालीवर चिकटपट्टीने डकवलेले कागद: 'चोर इथे आहे. पोलिसांनी आत यावे. बेल वाजवू नये, आजी झोपली आहे.'

हसू आलं हो मला. चोराला बाहेरून पाटी कशी लावायची, यासाठी मोठमोठ्या लॅब झटतायत. आमच्याकडे चिकटपट्टी!

मी पंखा लावला, रजई काढली. तिच्याखाली आई केवढीशी उरली होती.

"चुकलं माझं, रेवा. ते बशीतल्या पेशींचं असतं गं. आजीला उकडून काही होत नाही."

"म्हणजे हेसुद्धा चालत नाही?"

हाच तो क्षण! रात्र-रात्र जागून शब्द जुळवले होते मी. आणि तोंडातून काय निघावं?

"अगं, आजी होणार आहे ना ठणठणीत!" वर एक भलंमोठं हसूही डकवलं.

रेवाने टॉर्च बंद केला. मग उशाशी वाकून कुजबुजली, पण मला स्पष्ट ऐकू आलं:

"आजी, तू आईला अजून सांगितलंच नाहीस?"