म्हमाणे काकांची कंबर आणि सायकलचा स्टँड

म्हमाणे काका टेबलावर पालथे झोपले होते आणि मी त्यांच्या कमरेला मशीनचे पॅड लावत होते. तेवढ्यात त्यांनी हात मागे वळवून मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"मॅडम, ह्यो बघा. ह्याला तीन पाय हायत. कालचा दोन पायांचा होता. कुठला बरा?"

"काका, हात पुढे घ्या. हलू नका."

"नुसतं बघा की!"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरातल्या एका हाडांच्या हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात. ते टळावं म्हणून, आणि नाही टळलं तर नंतर माणूस पुन्हा नीट चालावा म्हणून जे काही करायचं ते आमच्याकडे येतं. व्यायाम, शेक, मशीन, आणि मुख्य म्हणजे ओरडणं. सायकलचे स्टँड निवडून देणं माझ्या कामात बसत नाही. पण त्या दिवसांत मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

चूक म्हटली तर एका वाक्याची होती.

काकांचा भवानी पेठेत टॉवेल-चादरींचा होलसेल धंदा. खाली दुकान, वर घर. साठी उलटल्यावर त्यांनी पुन्हा सायकल चालवायला सुरुवात केली. रोज पहाटे हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायचे, रविवारी अक्कलकोट रोडला लांबवर. सायकल चालवण्याने त्यांना काहीच झालं नव्हतं. झालं ते सायकल दुरुस्त करण्याने. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. सायकल उलटी करून, सीट आणि हँडल जमिनीला टेकवून ठेवायची, आणि स्वतः कमरेत वाकून तासन् तास चेन धुवायची, गिअर लावायचे, ब्रेक घट्ट करायचे.

आपल्या दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिला डिस्क म्हणतात. कमरेत सतत वाकलं की ती मागे सरकते आणि तिथून पायात उतरणारी नस दाबते. मग कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. काकांचं तेच झालं होतं. आठवडाभर व्यायामाने बरं वाटायचं. रविवारी सायकल धुतली की सोमवारी माणूस भिंत धरून माझ्या दारात हजर.

शेवटी मी म्हणाले, "काका, वाकून काम बंद. सायकल उंचावर धरणारा स्टँड मिळतो. तो घ्या आणि उभं राहून काय ती दुरुस्ती करा."

हेच ते वाक्य.

मला वाटलं होतं, जाऊन घेतील. पण जन्मभर कापड पारखून घेतलेला माणूस तो. प्रत्येक सिटिंगला नवे फोटो. एक भिंतीला ठोकायचा, एक नळीला पकडणारा, एक पुढचं चाक काढून सायकल वर बसवायचा. कुठल्याचा पाय लांब, कुठल्याचा चिमटा प्लॅस्टिकचा. शेजारच्या बेडवर मानेला पट्टा लावून बसलेले एक रिटायर्ड कंडक्टरही त्यात पडले. "भिंतीचाच घ्या, जागा वाचते," असं त्यांनी मान न हलवता सांगितलं. काकांनी त्यांना भिंत जुनी आहे, पोपडे पडतात, हे समजावण्यात माझी अर्धी सिटिंग घालवली.

"काका, तुमच्या व्यायामाचं काय झालं?"

"करतो की. पण आधी हे ठरू द्या."

मग एकदा ते खुशीत आले. घेतला म्हणे. पिशवीतून काढून दाखवला तर हातभर उंचीची एक लोखंडी घोडी. मागचं चाक तेवढं जमिनीपासून चार बोटं वर उचलणारी.

"ह्यानं काय होणार?"

"चाक फिरतंय की. गिअर लावायला झालं."

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

काका म्हणाले, "पाट घेतो."

मी डोळे मिटून घेतले. पाटावर बसून पुढे वाकणं हे उभं राहून वाकण्यापेक्षाही वाईट. बसलेल्या कमरेवर दाब जास्त येतो. हे मी त्यांना मणक्याचं मॉडेल हातात घेऊन दाखवलं होतं. दोनदा. ती घोडी परत गेली नाही, ती दुकानात टॉवेलचा बोर्ड टेकवायला कामी आली.

त्यानंतर थोडे दिवस शांततेत गेले. मी आनंदात होते. तिथेच मला संशय यायला हवा होता. काकांचा भाचा चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आहे. काकांनी त्याला मोबाइलमधला फोटो दाखवला आणि तसाच स्टँड बनवायला सांगितला. भाच्याने मामावरच्या प्रेमापोटी हातात येईल तो जाड पाइप वापरला. स्टँड असा मजबूत झाला की त्यावर म्हैस टांगता आली असती. टेम्पोवाल्याने तो दुकानासमोर उतरवला आणि निघून गेला. तो आत कोण घेणार? काकांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पाय किंचित ओढत होते. मोबाइल बाहेर काढला नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"काका, अंगठा वर उचला. मी दाबते, तुम्ही वरच धरा."

उजव्या पायाचा अंगठा माझ्या एका बोटाने खाली गेला. ह्या तपासणीला आम्ही फार मान देतो. कमरेतली एक नस थेट अंगठ्यापर्यंत जाते. ती नुसती चिडली तर दुखतं, पण जास्त दबली तर ताकदच जाते. दुखणं पेशंटने सांगायचं असतं, ते तो कमी-जास्त सांगतो. अंगठा खोटं बोलत नाही.

मी लगेच आमच्या डॉ. देगावकरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, पुन्हा एमआरआय काढायला लावला आणि मला केबिनमध्ये घेतलं.

"मॅडम, हा पेशंट सुधारत होता ना?"

"होता सर."

"मग?"

"सायकलचा स्टँड उचलला."

"तुम्हीच घ्यायला सांगितला होता ना?"



"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस थांबून बघू. पुढच्या तपासणीत अंगठा असाच राहिला, किंवा अजून उतरला, तर ऑपरेशन. आणि मधेच लघवीची तक्रार झाली, म्हणजे तिकडच्या नसाही दबल्या, तर त्याच दिवशी. घरी स्पष्ट सांगा."

घरी सांगायचं म्हणून मी त्यांच्या घरीच गेले. खरं तर मला तो लोखंडी राक्षस डोळ्यांनी बघायचा होता.

दुकानाच्या मागे एक लांबट बोळ आहे. एका बाजूला टॉवेलचे गठ्ठे छतापर्यंत, दुसऱ्या बाजूला सायकल. सायकलही काही हलकी नव्हे. जुनी, पोलादी, मडगार्ड, कॅरिअर, सगळं अंगावर. मध्ये हमाल जेमतेम जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत भाच्याचा स्टँड. सगळे त्याला वळसा घालून, शिव्या देत जात होते.

काकांच्या पत्नी महानंदाकाकू चहा घेऊन आल्या. अक्कलकोटच्या पलीकडचं माहेर, बोलण्यात कन्नड सहज यायचं. मी त्यांना सगळं सांगितलं. अंगठा, नस, ऑपरेशन. त्या शांतपणे ऐकत राहिल्या.

"काकू, त्यांना सांगा ना, सायकलवाल्याकडे देऊन टाका सायकल सर्व्हिसिंगला. एवढं काय आहे त्यात?"

काकूंनी दुकानाकडे मान वळवली. पुढे गादीवर मुलगा सिद्धाराम बसला होता. कानाला फोन, समोर लॅपटॉप. काका त्याच्या मागे उभे राहून काहीतरी सांगत होते. त्याने मागे न बघता हात वर केला. "पप्पा, मी बघतो. तुम्ही वर जाऊन पडा बरं."

"बघितलं का?" काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगं वाईट न्हाई. काळजीनंच म्हणतंय. पण दुकानात आता ह्यांना कुणी काय विचारत न्हाई. सायकल तेवढी ह्यांचं ऐकती. ती बी काढून घ्यायची का, बाई?"

एवढ्या सिटिंग झाल्या. कमरेबद्दल मी त्यांना शंभर प्रश्न विचारले होते, सायकल दुसऱ्याच्या हातात का देत नाही, हा एक विचारला नव्हता. चहा संपवला, पर्समधून टेप काढली आणि काकांना हाक मारली.

"या इकडे. सरळ उभे राहा. कोपर दुमडा."

"कशाला?"

"तुमचं माप घेते. स्टँड मी निवडणार. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

उभ्या माणसाचं काम कोपराच्या जरा खाली असावं, म्हणजे वाकावं लागत नाही. सायकलची चेन आणि पेडल त्या उंचीला यायला हवी होती. बोळ अरुंद, म्हणून पाय फार पसरणारा नको. काम झालं की मिटून गठ्ठ्यामागे उभा राहायला हवा, आणि एका हाताने उचलता यायला हवा. ठरलं. व्यायाम नीट चालू आहेत आणि अंगठा निदान आणखी उतरला नाही, एवढी खात्री झाल्यावर आम्ही दोघं सात रस्त्याजवळच्या सायकलच्या दुकानात गेलो. सायकल पुढे टेम्पोतून पाठवली, हमालाच्या हातून.

दुकानदाराने चार स्टँड मांडले. मी मिटवून, उचलून, टेप लावून बघत होते. काका तोंड दाबून उभे. मधेच राहवलं नाही. "मॅडम, त्याचा चिमटा—"

"काका!"

ॲल्युमिनियमचा एक पसंत पडला. हलका, मिटणारा, दोन पायांचा, उंची कमी-जास्त होणारा. वर एक चिमटा, त्याने सायकलच्या सीटखालची दांडी धरायची. फ्रेमची नळी दाबायची नाही, ती चेपते, असं दुकानदार म्हणाला.

"सायकल लावून दाखवा," मी म्हणाले.

त्याने वाकून सायकल दोन्ही हातांनी धरली, एका दमात छातीपर्यंत उचलली आणि चिमट्यात अडकवली. "बघा, किती सोपं!"

स्टँड हलका होता, मान्य. पण त्यावर सायकल चढवायची तर ती उचलायला नको? इतके दिवस मी ह्या माणसाला "उंचावर घ्या, उंचावर घ्या" म्हणून ओरडत होते, आणि त्यातली पहिलीच पायरी म्हणजे जड सायकल छातीपर्यंत उचलणं. मणक्याच्या पेशंटने जे कधी म्हणजे कधीच करायचं नाही, नेमकं ते.

"दुसरा प्रकार आहे," दुकानदार म्हणाला. "पुढचं चाक काढायचं, खालचा भाग ह्या बैठकीवर ठेवायचा."

"तिथेपण उचलायची आहेच ना?"

"उचलायची तर आहेच. सायकल आहे, पतंग नाही."

मी काकांकडे वळले. "घरी उचलून कोण देईल?"

"मीच की. हळूच—"

"तुम्ही नाही."

"मग हमाल."

"रविवारी हमाल असतो?"

काका दुकानातल्या टायरकडे बघायला लागले.

"सिद्धारामला सांगा."

"त्याला वेळ नसतो."

"विचारलंय कधी?"

"मॅडम, ज्याला मी सायकलवर बसवून शाळेला सोडलं, त्याला आता माझी सायकल उचल म्हणून सांगू?"

स्टँडचे सगळे प्रकार झाले होते, मापं झाली होती. काम अडलं होतं ते इथे. आणि ह्यावर माझ्याकडे कुठलं मशीन नव्हतं. स्टँड घेतला. घरी काकूंच्या हातात दिला आणि सगळी गोष्ट काकांच्या देखत सांगितली. काका "उगंच कशाला" म्हणत राहिले.

"साकु!" काकू म्हणाल्या. पुरे झालं. आणि तिथूनच दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "सिद्धू, ये हिकडं. सायकल उचल."

सिद्धाराम फोन कानाला लावूनच आला. एका हाताने जमेना म्हणून फोन गठ्ठ्यावर ठेवला. काका कडेला उभे होते, ते एकदम दुकानदार झाले. "नळीला धरू नको. सीटखाली धर. हां. आता चिमटा आवळ. अजून. बास, बास, तोडतोस का?" सिद्धारामने पेडल फिरवलं. मागचं चाक सुरसुर फिरायला लागलं आणि तो म्हणाला, "पप्पा, हे गिअर तुम्ही स्वतः लावता? मला वाटलं, नुसतं धुता." काकांनी पाना घेतला आणि कमरेत न वाकता, सरळ उभं राहून काम सुरू केलं. मी मनातल्या मनात कोपराची उंची बघितली. बरोबर होती.

पुढच्या तपासणीत अंगठा थोडा सुधारला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, मग त्याचा विषयच निघेना. पूर्ण ताकद यायला बरेच महिने गेले. त्यात स्टँडचा वाटा किती, व्यायामाचा किती, मला सांगता येणार नाही. रविवारी सायकल सिद्धाराम चढवतो आणि उतरवतो. मधल्या वेळात दोघांची भांडणं होतात, असं काकू सांगतात. आधी बोलणंच नव्हतं, त्यापेक्षा बरं म्हणे. भाच्याचा लोखंडी स्टँड अजून बोळातच आहे. तो हलवायला कुणी तयार नाही.

परवा डॉ. देगावकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, एखादी केस असेल. त्यांनी दार लावून घेतलं आणि मोबाइल पुढे केला.

"मॅडम, मी पण सायकल घेतली आहे. घरीच मेंटेनन्स करावा म्हणतो. ह्या दोन स्टँडमधला कुठला घेऊ?"

मी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

"सर, स्टँडचं नंतर बघू. आधी सांगा, तुमची सायकल त्यावर उचलून कोण ठेवणार? आणि त्याला विचारलंय का?"